दोन खुर्च्यांच्या दवाखान्याचा आरोग्यविमा

सक्करदऱ्यातील दंतचिकित्सालये बहुतांशी लहान असतात. दोन खुर्च्या, एक क्ष-किरण यंत्र, एक डॉक्टर, खुर्चीपाशी साहाय्य करणाऱ्या दोन मुली, फोन व नोंदवही सांभाळणारी स्वागतिका, आणि झाडलोटीपासून उपकरणांच्या धुलाईपर्यंत सारे पाहणाऱ्या मावशी. डॉक्टरांनी स्वतःचा मेडिक्लेम बहुधा केव्हाच काढलेला असतो. त्यांना हत्यारे हातात देणाऱ्या मुलीकडे मात्र काहीच नसते. तिच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला की ती प्रथम मेडिकलला धावते आणि नंतर डॉक्टरांकडे उचल मागायला येते. डॉक्टर ती देतातही. परंतु उचल म्हणजे विमा नव्हे. ती पुढच्या दहा-बारा पगारांतून वळती होते आणि तोवर घरचे किराणाबिल थकते.

‘आपल्या माणसांसाठी काहीतरी करायला हवे’ असे ज्या डॉक्टरांना मनापासून वाटते, त्यांची पहिली अडचण अशी, की बाजारातील बहुतेक योजना पन्नास-शंभर नोकरांच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. चार-पाच माणसांच्या दवाखान्याने काय करावे, हे विमा प्रतिनिधीही नीट सांगत नाही. त्याला त्यात मिळकत थोडी असते, हेही खरे.

सर्वसामान्यतः मनात प्रथम येते ती सामूहिक पॉलिसी. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणला आणि त्याचेच सामूहिक रूप पुढे कार्यालयांतून रुळले. या पॉलिसीचा मोठा गुण म्हणजे आधीपासून असलेल्या आजारांना ती बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण देते. वैयक्तिक पॉलिसीत अशा आजारांसाठी प्रतीक्षा करावी लागते; तिची कमाल मर्यादा नियामकाने २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, तरी तीन वर्षे थोडी नव्हेत. मावशींना मधुमेह असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण अनेक कुटुंबांत आहेत. अशा घरातील मुलीला वैयक्तिक पॉलिसी मिळवताना नाना प्रश्नांना तोंड द्यावे लागते. सामूहिक पॉलिसीत ती सहज सामावू शकते. मात्र सिकलसेलवरील उपचार समाविष्ट आहेत काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. प्रतिनिधीच्या तोंडी आश्वासनाला दाव्याच्या दिवशी किंमत नसते.

आता अडचणी. किमान किती माणसे हवीत, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. सात ही संख्या पुष्कळदा ऐकू येते. काही कंपन्या फक्त नोकर मोजतात, तर काही त्यांचे पती-पत्नी व मुलेही मोजतात. म्हणून ‘तुमच्याकडे माणसे कमी आहेत’ या पहिल्या नकारावर थांबू नये. दुसरे असे, की आठवड्यातून दोन दिवस येणारे दंतव्यंगोपचार तज्ज्ञ हे दवाखान्याचे नोकर नव्हेत. ते शुल्क घेऊन काम करतात. संख्या भरावी म्हणून त्यांचे नाव घुसवले तर दाव्याच्या वेळी साऱ्या यादीवरच प्रश्नचिन्ह उमटू शकते. केवळ विमा मिळावा म्हणून जमवलेला समूह नियमांना मान्य नाही.

तिसरी अडचण कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. सामूहिक पॉलिसीवर तो १८ टक्के कायम राहिला. मोठी कंपनी तो कर आपल्या विक्रीकरातून वळता करण्याचा विचार तरी करू शकते. दंतोपचार ही आरोग्यसेवा करमुक्त असल्याने दवाखान्याला ती सोय नाही. म्हणजे १५,००० रुपयांचा हप्ता प्रत्यक्षात १७,७०० रुपयांना पडतो. शिवाय जे डॉक्टर निम्मे उत्पन्न नफा धरून अनुमानित पद्धतीने प्राप्तिकर भरतात, त्यांना हप्त्याचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. ‘हप्ता भरा, कर वाचवा’ ही जाहिरात त्यांच्यासाठी नाहीच.

पॉलिसी घ्यायची ठरलीच, तर विम्याच्या रकमेपेक्षा खोलीभाड्याची अट आधी वाचावी. समजा, विमा दोन लाखांचा आहे आणि खोलीभाडे त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला २,००० रुपये मान्य आहे. स्वागतिकेच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी स्वस्त खोली शिल्लक नव्हती, म्हणून तिला ४,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहावे लागले. खोलीचे १६,०००, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृहाचे ८०,०००, औषधे व तपासण्यांचे ३४,००० असे एकूण बिल १,३०,००० रुपये झाले. तिला वाटेल, विमा दोन लाखांचा, तेव्हा सारे मिळेल. प्रत्यक्षात खोलीचे निम्मे म्हणजे ८,००० मिळतील. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच, म्हणजे ४०,००० मान्य होईल. औषधे व तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, म्हणून ते ३४,००० पूर्ण मिळतील. एकूण ८२,००० रुपये. उरलेले ४८,००० तिने द्यायचे. दरमहा १२,००० रुपये पगार असलेल्या मुलीची ही चार महिन्यांची कमाई आहे. तीन लाखांचा खोलीभाड्याची अट असलेला विमा आणि दोन लाखांचा अट नसलेला विमा यांत निवड करायची झाली, तर प्रस्तुत लेखक दुसरा निवडेल.

या सगळ्या गडबडीत एक मार्ग दुर्लक्षित राहतो, तो कर्मचारी राज्य विम्याचा. १९४८च्या कायद्याने आलेली ही योजना कारखान्यातील कामगारांची, अशी आपली समजूत असते. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला तिचे दार पूर्वी बंदच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ते किलकिले केले आहे. मालक आणि बहुसंख्य नोकर राजी असतील, तर लहान आस्थापनेलाही स्वेच्छेने योजनेत येता येईल, अशी तरतूद तीत आहे. महामंडळाच्या नागपुरातील कार्यालयात जाऊन कार्यपद्धती विचारून घेणे हे डॉक्टरांचे पहिले काम असावे.

हिशेब सोपा आहे. वेतनाची मर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासूनच्या दरांनुसार मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के व नोकराने ०.७५ टक्के भरायचे. १२,००० रुपये वेतनावर डॉक्टरांचे ३९० आणि मुलीचे ९० रुपये, म्हणजे वर्षाला दोघांचे मिळून ५,७६० रुपये होतात. वय वाढले म्हणून हप्ता वाढत नाही, आजार लपवण्याची गरज नाही, आणि अवलंबून असलेले आई-वडीलही सामावतात. खेरीज मेडिक्लेम जे कधीच देत नाही ते येथे मिळते. पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम आणि बाळंतपणात २६ आठवड्यांचे वेतन मिळते. दंतचिकित्सालयातील साहाय्यक मुली बहुधा विशीतल्या असतात. त्यांच्या दृष्टीने या दुसऱ्या लाभाचे मोल कोणत्याही तारांकित रुग्णालयाच्या यादीहून अधिक आहे.

उणीव सांगायलाच हवी. उपचार योजनेच्या दवाखान्यांत व संलग्न रुग्णालयांत घ्यावे लागतात. राज्य कामगार विमा रुग्णालय सोमवारीपेठेत, म्हणजे सक्करदऱ्यापासून जवळच आहे. पण रांग, कागदपत्रे आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी यांना पर्याय नाही. शिवाय मालक स्वतः या योजनेत बसत नाही.

राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या सर्वांच्या तळाशी आहेच. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत वेगळ्या नावाने सुरू झालेली ही योजना २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू झाली. ती ठरावीक उपचारांपुरती व संलग्न रुग्णालयांपुरती आहे. तरी मावशींचे रेशनकार्ड व आधार यांवरील नावे जुळतात की नाही, हे आजच पाहून ठेवावे. ऐन मध्यरात्री नावातील एका अक्षराच्या फरकाने खोळंबा होतो.

दंतवैद्यकाचा म्हणून एक खास धोका आहे आणि त्याला कोणताही मेडिक्लेम पुरा पडत नाही. वापरलेली सुई साहाय्यिकेच्या बोटाला टोचते. रुग्णाला कावीळ ‘ब’ असेल आणि मुलीचे लसीकरण झालेले नसेल, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के. एचआयव्हीवरील प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. या साऱ्यात रुग्णालयात दाखल होणे नसते, त्यामुळे विमा कंपनी हात वर करते. कावीळ ‘ब’ची लस तीन मात्रांची: पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. त्यात मावशींचाही समावेश हवा, कारण उपकरणे त्याच धुतात. हा खर्च एका रूट कॅनॉलच्या शुल्काहून अधिक होणार नाही, आणि पॉलिसीचे दरपत्रक येण्याची वाट न पाहता तो करता येतो. गंमत अशी, की दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत अपघाताखेरीज वगळलेलेच असतात. पण त्याची चिंता या दवाखान्यात कोणी करू नये.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल, तर वेतन २१,००० रुपयांच्या आत असलेल्या चार-पाच माणसांच्या दवाखान्याने आधी राज्य विम्याचे दार ठोठवावे आणि ऐपत असेल तर वर दोन-तीन लाखांची सामूहिक पॉलिसी घ्यावी. निव्वळ सामूहिक पॉलिसीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण नोकरी सुटते त्या दिवशी ती संपते. दंतचिकित्सालयांतील मुली लग्नानंतर किंवा हजार रुपये अधिक मिळाले की जागा बदलतात. अशा वेळी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय नियमांत आहे. मात्र कंपनी त्या व्यक्तीची नव्याने छाननी करू शकते, आणि अर्ज मुदतीत करावा लागतो. मुलीला ते सांगणार कोण? राजीनामा स्वीकारताना पगाराच्या हिशेबासोबत पॉलिसीचा क्रमांक, समावेशाची तारीख आणि स्थलांतराच्या अर्जाचा कागद तिच्या हाती डॉक्टरांनीच द्यायला हवा.