लढाईच्या नोटा

कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी. मी जमवतो लढाईच्या काळातल्या नोटा. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे वेड कुठून लागले, असे मित्र विचारतात. ‘नाशिकचे पाणी!’ एवढेच मी सांगतो, आणि ते अगदीच खोटे नाही. पूर्वी हिंदुस्थानच्या नोटा विलायतेहून छापून येत. १९२८ साली नाशिकरोडच्या छापखान्यात पाच रुपयांची नोट छापली गेली, आणि पैशाचे हे घर आमच्या शेजारी आले.

पण लढाईच्या नोटांचा संग्रह म्हणजे श्रीमंतीचा संग्रह नव्हे. तो माणसांच्या धास्तीचा संग्रह आहे. तोफा दूर कुठेतरी वाजतात आणि इथे लोक चांदी लपवू लागतात. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली. पाठोपाठ १९१८ साली दोन रुपये आठ आण्यांचीही आली. १९२६ साली रुपयाची नोट बंद झाली. पुढे १९४० साली फ्रान्स पडला आणि पुन्हा तीच गत! चांदीचे रुपये घराघरांत दडले, म्हणून रुपयाची नोट परत अवतरली. गंमत अशी, की कायद्याने ही नोट नव्हे, नाणेच. म्हणून तिच्यावर पैसे देण्याचे वचन नाही, आणि सही अर्थखात्याच्या सचिवाची.

१९४३ साली रिझर्व्ह बँकेने दोन रुपयांची नोट काढली. तिच्या काही प्रतींवर जेम्स टेलर यांची सही आहे, तर काहींवर चिंतामणराव देशमुखांची. राजा इंग्रजांचा आणि वचन देणारा महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला मराठी माणूस! ही नोट मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. त्याच सुमारास जपान्यांनी आपल्या नोटांची इतकी हुबेहूब नक्कल केली, की राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा बदलून समोरून दिसणारा घ्यावा लागला आणि नोटेत प्रथमच सुरक्षेचा धागा आला.

जपान्यांनी ब्रह्मदेश जिंकला तेव्हा तिथे स्वतःच्या रुपयांच्या नोटाही चालवल्या. अशाच नोटांनी मला एक धडा शिकवला.

माझा एक विद्यार्थी मला सिन्नरकडच्या आपल्या गावी घेऊन गेला. त्याच्या पणजीने, वय सत्त्याऐंशी, ट्रंकेतून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली. आत दहा-दहा रुपयांच्या नोटा होत्या. म्हातारीचे वडील फौजेत होते. ब्रह्मदेशातून येताना त्यांनी त्या आणल्या होत्या. ‘पोरीच्या लग्नाला होतील,’ असे सांगून त्यांनी त्या बायकोच्या हाती दिल्या. पुढे ते वारले. लग्न ठरले तेव्हा आई नोटा घेऊन पेढीवर गेली. मुनीम हसला. लग्न कर्ज काढून झाले.

मला वाटले, म्हातारी किंमत विचारील. बाजारात अशा नोटेला फारसे काही येत नाही, हे कसे सांगावे याची मी जुळवाजुळव करीत होतो. तिने विचारले वेगळेच.

“मास्तर, एवढं सांगा. बा आईशी खोटं बोलला व्हता का?”

मी नोट उजेडात धरली. राजा नाही, गव्हर्नरची सही नाही, अनुक्रमांकही नाही. इंग्रजीत ‘जपानी सरकार’ एवढी अक्षरे आणि ब्रह्मदेशासाठी ‘बी’ हे अक्षर. १९४५ च्या मे महिन्यात रंगून इंग्रजांच्या हाती परत आले आणि या नोटा रद्दी झाल्या. पुष्कळ शिपायांनी त्या निव्वळ आठवण म्हणून उचलल्या. तिच्या वडिलांना काय ठाऊक होते, हे मी कसे सांगणार? पण नोट मळलेली होती, घड्यांवर विरली होती.

“आजी,” मी म्हणालो, “तुमच्या वडिलांच्या मनातलं मला सांगता येणार नाही. पण ही नोट पुष्कळ हातांतून गेलेली आहे. हिच्यावर तिथं कुणीतरी तांदूळ घेतले असतील, मीठ घेतलं असेल. तेव्हा ती खरीच होती. ज्या सरकारनं काढली ते सरकार गेलं.”

म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हंजी बोलून फिरलं ते सरकार. बा नाय.” आणि तिने पुरचुंडी पुन्हा बांधली.

मी नोट मागितली नाही.

दिवाळीच्या झाडलोटीत तुमच्याही ट्रंकेच्या तळाशी अशी एखादी नोट निघेल. तिचे किती येतील हे दुकानदार सांगेलच. पण ती घरात कुणी आणली, हे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.