पेशींची ओळखपरेड

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावकडचा एखादा पाच वर्षांचा मुलगा. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. चेहरा पांढराफटक. मार लागलेला नसताना मांड्यांवर काळेनिळे डाग, आणि रात्री पाय दुखतात म्हणून रडारड. गावातली औषधं करून झाल्यावर कुणीतरी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला सांगतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडंसं रक्त जातं, आणि मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरचा, ल्युकेमियाचा, पहिला सुगावा बहुतेक वेळा इथेच लागतो.

काचपट्टीवर त्या रक्ताचा पातळ थर ओढून लिशमनचा रंग चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींमध्ये काही वेगळ्याच पेशी उठून दिसतात. जवळजवळ सगळी पेशी जांभळ्या केंद्रकानेच भरलेली, कडेला निळसर पदराची बारीक रेघ. हे ब्लास्ट, म्हणजे वयात न येता नुसत्याच वाढत सुटलेल्या पेशी. हाडातल्या मज्जेत त्यांनी जागा अडवली म्हणून लाल पेशी घटून चेहरा पांढरा पडला, आणि प्लेटलेट घटून डाग उठले.

मग मुलाला गुंगी देऊन कंबरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढतात. निरोगी मज्जेत ब्लास्ट 5 टक्क्यांहून कमी असतात, इथे ते बहुधा निम्म्याहून जास्त भरतात. पण ही पेशी नेमकी कुठल्या कुळातली, हे नुसत्या नजरेला ठरवता येत नाही. त्यासाठी पेशींवर चमकणारी प्रतिपिंडं चिकटवून त्यांना एकेक करून लेसरसमोरून पळवतात, सेकंदाला हजारोंच्या वेगाने. सीडी19 आणि सीडी10 या खुणा चमकल्या तर बी-पेशी, सीडी3 ही खूण चमकली तर टी-पेशी. सुमारे महिनाभराच्या उपचारानंतर हेच तंत्र 10,000 पेशींत लपलेली एक रोगट पेशीही हुडकून काढतं!

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट गुणसूत्रांत आहे. काही मुलांत 12 आणि 21 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले सापडतात, आणि ही अदलाबदल अनेकदा मूल आईच्या पोटात असतानाच झालेली असते. जन्मताच टाचेतून घेऊन जपून ठेवलेल्या रक्ताच्या वाळक्या ठिपक्यांत संशोधकांना ती सापडली. ही अदलाबदल घेऊन जन्मलेल्यांपैकी आजार मात्र होतो मोजक्याच मुलांना, तोही काही वर्षांनी. ‘आमचं काय चुकलं?’ असं विचारणाऱ्या आईबापांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

पाठीतलं पाणीही तपासतात, कारण हा आजार मेंदूभोवतीच्या द्रवात शिरू शकतो. हे पाणी काढल्याने पाय लुळे पडतात ही भीती मनातून काढून टाका.

हिंगोलीहून पुढची वाट छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची किंवा मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलची. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधीच करा. आणि एक कळकळीची विनंती: कारण कळण्याआधी सांधेदुखी किंवा तापावर स्टेरॉइड देऊ नका. त्याने ब्लास्ट तात्पुरते मरतात, मूल चार दिवस खेळू लागतं, आणि नंतर मज्जा तपासूनही निदान हुकू शकतं. आधी सीबीसी आणि काचपट्टी, मगच औषध.