लाजाळू रानपाखरे आणि कास्तकाराचा धीर

पाखरे पाहत बसणे हा रिकामटेकड्या माणसाचा उद्योग होय, अशी समजूत आपल्या समाजात रूढ आहे. वावरात पाखरू दिसले की हात गोफणीकडे जावा, त्याकडे टक लावून बसावयास सवड कोणास आहे, असे आमचे पुष्कळ स्नेही आम्हांस विचारतात. ज्वारीच्या कणसावर उतरणाऱ्या थव्यांपुरता तो प्रश्न रास्तही आहे. परंतु कारंजा (घाडगे) तालुक्यात ज्यांच्या वावराचा धुरा जंगलास लागून आहे, त्यांच्या शेजारी पाखरांची दुसरीही एक वस्ती नांदत असते. ती कणसावर येत नाही, अंगणात येत नाही, आणि मनुष्याची चाहूल लागताच पाचोळ्यात दिसेनाशी होते. ही वस्ती धीराने कशी पाहावी, तिचे छायाचित्र कसे घ्यावे आणि त्यात कास्तकाराचे हित काय, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आपला हा मुलुख साग, तेंदू, मोह व पळस यांचा. जवळच बोरचे जंगल आहे. त्यास 1970 मध्ये अभयारण्याचा व 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा पानझडी रानात नवरंग नावाचा पक्षी मृगाच्या सुमारास दक्षिणेकडून येतो, पावसाळ्यात घरटे करून पिले वाढवितो व थंडीपूर्वी परत दक्षिणेकडे निघून जातो. आकाराने बुलबुलाएवढा, शेपूट आखूड, पोटाखाली लाल, पाठ हिरवी, खांद्यावर निळी झाक, डोळ्यावरून काळी पट्टी. इतके रंग अंगावर असून तो सहसा दिसत नाही, कारण त्याचा सारा संसार झुडपांच्या बुडाशी, जमिनीवर चालतो. ओला पाचोळा चोचीने उलटून तो किडे, अळ्या व गांडुळे टिपतो. पहाटे व सांजेस दोन सुरांची शीळ घालतो, ती मात्र दूरवर ऐकू येते. तेव्हा प्रथम कानांनी शोधावे आणि मग डोळ्यांनी पाहावे, हा या विद्येचा पहिला धडा होय.

धीराने व खरेपणाने पाहिल्यास काय साधते, याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. 1872 मध्ये ब्लेविट नावाच्या गृहस्थांस ते मिळाले व पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्यास ब्लेविट यांचे नाव दिले. खानदेशात मुलकी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या बाजूस ते पाखरू गोळा केले. 1884 नंतर मात्र त्याचा खात्रीचा ठावठिकाणा राहिला नाही. मध्यंतरी कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी आपण 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठी मांडवीस एक रानपिंगळा मिळविल्याचे सांगितले होते. पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांच्या जुन्या संग्रहातून उचलून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले.

आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. एक खोटी नोंद दप्तरात शिरली म्हणजे पुढील दहा नोंदी कशा नासतात, हे आम्ही जाणतो. येथेही तेच झाले होते. त्या एका चिठ्ठीमुळे शोध करणारे भलत्याच गावी पाखरू धुंडीत होते. खोटी नोंद रद्द होताच रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट हे तिघे जुन्या, खऱ्या ठिकाणांच्या यादीने निघाले. पूर्वेकडील ठिकाणी हाती काही लागले नाही. शेवटी शहाद्याजवळच्या रानात 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी रानपिंगळा त्यांच्यासमोर उघड्या फांदीवर बसलेला आढळला. तो प्रांत तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, 1998 पासून नंदुरबारात मोडतो. 113 वर्षांनी दिसलेल्या त्या पाखरावर बंदूक चालवावी लागली नाही. त्याची छायाचित्रे व चलच्चित्र हाच पुरावा ठरला. पुढे आपल्या विदर्भातील मेळघाटातही रानपिंगळ्याची वस्ती आढळली. यावरून छायाचित्र हे केवळ भिंतीवरचे भूषण नव्हे, तो जागेवर जाऊन केलेला पंचनामा होय.

आता कृतीकडे वळू. वाट पाहण्याची विद्या कास्तकारास नव्याने शिकवावी लागत नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जो माळ्यावर जागल करितो, त्याच्या ठायी ती असतेच. उन्हाळ्यात पानगळ झाली व नाले आटले म्हणजे पाणी असेल तेथे पाखरे स्वतः येतात. अशा बोडीजवळ किंवा डोहाजवळ आपल्या वावराच्या हद्दीत कडब्याचे अथवा पळसाच्या डहाळ्यांचे लपण करावे. ते एकाच दिवशी पाण्याशी भिडवू नये. प्रथम दूर उभारून रोज थोडे थोडे पुढे सरकवावे, म्हणजे पाखरे त्यास झाड समजू लागतात. सूर्य पाठीशी राहील अशी बैठक धरावी. उजाडण्यापूर्वी जाऊन बसावे. दोघांनी मिळून जावे व एकाने बोलत बोलत परत फिरावे. सारे गेले असे समजून बहुतेक पाखरे निर्धास्त होतात. कपडे मळकट रंगाचे असावेत. विडी, तंबाखू व मोबाइलचा आवाज वर्ज्य समजावा.

कॅमेरा नसला तरी अडत नाही. बेताच्या किमतीची दुर्बीण व एक वही पुरेशी आहे. कॅमेरा असल्यास लांब पल्ल्याचे भिंग घ्यावे, ते तिवईवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवावे, आणि विजेचा झोत कधीही वापरू नये. वहीत तारीख, वेळ, गट नंबर, झाड व पाखराची हालचाल लिहावी. जे दिसले तेवढेच लिहावे. नाव न कळल्यास वर्णन लिहून जागा मोकळी सोडावी. वनाधिकारी कै. मारुती चितमपल्ली यांनी रानातील माणसांच्या तोंडची नावे जपून आपल्या ग्रंथांत आणिली. त्याप्रमाणे आपल्या गावच्या गुराख्यास नाव विचारण्यात कमीपणा मानू नये.

एक इशारा अवश्य दिला पाहिजे. आपल्या भागात वाघ व बिबट्या फिरतात. त्यामुळे रानाच्या कडेस जमिनीवर एकट्याने बसू नये, आणि संरक्षित जंगलात परवानगीवाचून पाऊल टाकू नये.

याहूनही गंभीर गोष्ट पुढेच आहे. हल्ली शहरांतून हौशी मंडळी मोठाले कॅमेरे घेऊन येतात. त्यांतील पुष्कळ सज्जन व अभ्यासू असतात. परंतु काही जण कास्तकारास वा त्याच्या सालदारास चार पैसे देऊन घरटे दाखवावयास सांगतात, चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्यापुढील डहाळ्या छाटतात, आणि यंत्रातून पाखराचाच आवाज वाजवून त्यास बाहेर बोलावितात. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे समजून ते बिचारे पाखरू अंडी टाकून धावत सुटते. आडोसा गेलेल्या घरट्यावर कावळा व मुंगूस टपलेलेच असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पाखरांची अंडी घेणे वा घरट्यास इजा करणे हा गुन्हा आहे. पण कायदा धुऱ्यावर पहारा करावयास येत नाही, धुऱ्याचा धनी तेथे असतो. तेव्हा पाण्यावरचे लपण पाहुण्यास खुशाल द्यावे, त्याचे भाडेही उघडपणे घ्यावे, परंतु घरट्याची वाट कोणत्याही मोलाने दाखवू नये.

यात आपले हित कोणते, असे कोणी विचारील. ज्या धुऱ्यावर बोर, पळस व करवंदीची झाडोरी राखिली जाते, तेथे किडे टिपणारी पाखरे वस्तीस राहतात. पाचोळा कुजून जमिनीस खत मिळते व मातीची धूपही कमी होते. परंतु मोहफुले वेचण्याच्या सोयीसाठी झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची जी चाल आहे, तीमुळे आग रानात शिरते आणि नवरंग यावयाच्या आधीच त्याचे ताट जळून जाते. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून एका बाजूस करावा, किंवा झाडाखाली जुने लुगडे वा जाळी अंथरावी. फुले स्वच्छ मिळतात आणि रानही वाचते.

संस्थेच्या सभासदांस आमची एवढीच विनंती आहे की, येत्या मृगापासून प्रत्येकाने आपल्या धुऱ्यावरील पाखरांची एक वही ठेवावी व एक तरी कोपरा वखराविना सोडावा. वहीतील प्रत्येक ओळ खरी असावी. शंभर वर्षांनी कोणी एखादे पाखरू शोधीत या तालुक्यात आला, तर त्याने आपल्या नोंदीवर विश्वासाने पाऊल टाकावे, इतकी ती चोख असली म्हणजे झाले.