छताखालचं चिल्लर सामान

बहामाजमधली बिमिनी बेटं मायामीपासून जेमतेम ८० किलोमीटरवर. १९३०च्या दशकात अर्नेस्ट हेमिंग्वे मार्लिन आणि ट्यूनाच्या मागे तिथं जाऊन राहत असे. अशा मासेमारीत माणूस तासन् तास उघड्या डेकवर गळ धरून बसतो. डोक्यावर सावली हवी, पण चारी बाजू मोकळ्या हव्यात. या बेटांचंच नाव मिरवणारं ‘बिमिनी टॉप’ हे घडीचं छत आज जगभरच्या छोट्या बोटींवर दिसतं. घेणारा कापडाचा रंग बघतो आणि फसतो बिजागऱ्यांत.

रचना साधी आहे. वाकवलेल्या पाइपांच्या दोन, तीन किंवा चार कमानी. मुख्य कमानीचे पाय बोटीच्या काठावरच्या बिजागऱ्यांत अडकवलेले, बाकीच्या कमानी तिच्यावरच्या सरकत्या कड्यांना जोडलेल्या. पुढून-मागून पट्टे ओढले की कापड तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जातं. पट्टे सोडा, सगळं एका बाजूला मिटतं. छत उभं राहतं ते या ताणावर, आणि तो शेवटी येऊन पोचतो चार-सहा स्क्रूंवर.

ताशी ४० किलोमीटरनं जाणाऱ्या बोटीला समोरून ३० किलोमीटरचा वारा भेटला, तर वाऱ्याला आडव्या धरलेल्या चौरस मीटरभर फळीवर २३ किलोहून जास्त भार येतो. छत सपाट असल्यानं तेवढा भार घेत नाही, हे खरं. पण पुढची कड जरा उचलली गेली, वारा खाली शिरला, की स्क्रू सरळ वर उपटले जातात. म्हणून फायबरच्या डेकमध्ये नुसते स्क्रू पिळून भागत नाही. आरपार बोल्ट आणि खालून धातूची पट्टी हवी. डेकच्या पोटात बाल्सा लाकूड असेल तर भोकातून झिरपलेलं पाणी ते कुजवतं. जाणता कारागीर भोक मुद्दाम मोठं पाडतो, इपॉक्सीनं बुजवतो आणि मग त्यातच पुन्हा ड्रिल मारतो.

आता या बिजागऱ्या-स्क्रूंचं स्टेनलेस स्टील. पोलादावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर त्याला गंजू देत नाही, पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नेमकं तोच थर फोडतं. ३०४ जातीत मॉलिब्डेनम नसतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतं, म्हणून ते समुद्रावर जास्त टिकतं. दुकानातले हुशार लोहचुंबक लावून दाखवतात. त्याचा इथं काही उपयोग नाही, दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही. आणि ३१६सुद्धा अमर नव्हे. बिजागरीच्या फटीत मीठ साचलं, हवा पोचेनाशी झाली, की गंज आतून धरतो. वरून चकचकीत, आत खड्डे.

ॲल्युमिनियमच्या पाइपात स्टेनलेसचा स्क्रू बसवला तर मिठाच्या पाण्यात दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली, तर ती याचीच खूण. मध्ये नायलॉनचा वायसर आणि गंजरोधक लेप हवा.

सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे झटकन निघणारी पिन. टोकाशी स्प्रिंगवरची बारीक गोळी, दुसरीकडे कडी. अंगठ्यानं ओढली की कमान मोकळी. ती हमखास पाण्यात पडते, म्हणून बारीक तारेनं पाइपालाच बांधून ठेवतात.

कापडाबद्दल एवढंच, की ॲक्रिलिक धाग्यात रंग आधीच मुरवलेला असला तर ते बरीच वर्षं टिकतं. आधी उसवते ती पॉलिस्टर दोऱ्याची शिवण.

कोकणातल्या पर्यटक होड्यांवर बहुधा पक्क्या पाइपांचं छत असतं. रोज माणसं चढ-उतार करतात तिथं तेच बरं. घडीचं हवंच असेल तर ‘मरीन ग्रेड’ या शब्दांवर विसंबू नका. बिलावर ३१६ हा आकडा लिहून घ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर सांध्यांवर गोडं पाणी मारा.