रस्त्याला कायदा, धुराड्याला सवलत

आरे आणि वारे या दोन पुळणींमधल्या डोंगरावरून जाणारा रस्ता आता छायाचित्रांमुळे सगळ्यांना ठाऊक झाला आहे. तोच रस्ता पुढे नेवरे, गणपतीपुळे, मालगुंड करीत जयगडला पोहोचतो. तिथे प्रत्येकी ३०० मेगावॉटचे चार संच असलेले कोळशावरचे वीजकेंद्र २०१०-११ पासून उभे आहे. त्याचा कोळसा परदेशातून, जहाजाने येतो. आणखी उत्तरेला गुहागर तालुक्यात अंजनवेलचा वायूवर चालणारा प्रकल्प, दक्षिणेला रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर, पूर्वेला हातखंब्यावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग. बॉयलर, टर्बाइन, जहाजाचे इंजिन आणि ट्रक अशी नायट्रोजन ऑक्साइडची सगळी मोठी उगमस्थाने या एका जिल्ह्यात आहेत. त्यांतल्या एकावरच खरा कडक कायदा लागू आहे, आणि तो ट्रकवर.

हे वायू तयार होतात ते ज्वलनात. भट्टीचे तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की हवेतला एरवी निष्क्रिय असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. कोळशातला स्वतःचा नायट्रोजनही त्यात भर घालतो. पुढे उन्हात, इतर सेंद्रिय वाफांच्या संगतीने, यातून जमिनीलगतचा ओझोन बनतो. तो फुप्फुसाला घातक आणि झाडाच्या पानालाही. जयगड प्रकल्पाचा हापूसवर काय परिणाम होईल हा प्रश्न २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर गेला होता. तरीही बागायतदारांच्या बोलण्यात आजवर गंधक आणि राख हीच नावे आधी येतात. नायट्रोजन ऑक्साइड मागे राहतात, याची मला खंत वाटते.

उपाय मात्र जुना आणि भक्कम आहे. धुरात अमोनिया सोडायचा आणि तो उत्प्रेरकावरून न्यायचा. नायट्रिक ऑक्साइडचे चार रेणू, अमोनियाचे चार आणि ऑक्सिजनचा एक यांतून नायट्रोजनचे चार आणि पाण्याचे सहा रेणू निघतात. अमेरिकेतल्या एंगेलहार्ड कंपनीने १९५७ मध्ये याचे पेटंट घेतले, पण तिथे धातू होता प्लॅटिनम. तो फार अरुंद तापमानपट्ट्यात चालत असे, आणि त्या कमी तापमानात स्फोटक अमोनियम नायट्रेट बनण्याची भीती होती. जपान्यांनी १९७० च्या दशकात टायटॅनियम डायऑक्साइडवर व्हॅनेडियमचे ऑक्साइड बसवले आणि प्रश्न सुटला. पुढे त्यात टंगस्टन आले. ३०० ते ४०० अंशांत चालणारा हा उत्प्रेरक आजही वीजकेंद्रांत सर्वाधिक वापरला जातो.

तो चालतो कसा, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत देखणे प्रकरण वाटते. पृष्ठभागावर व्हॅनेडियमला चिकटलेली आम्लधर्मी जागा अमोनियाला धरून ठेवते. शेजारचा व्हॅनेडियम-ऑक्सिजन बंध त्याचा एक हायड्रोजन ओढून घेतो. आता सैल झालेल्या या अमोनियावर धुरातला नायट्रिक ऑक्साइड येऊन आदळतो, आणि नायट्रोजन व पाणी सुटून जाते. इलेक्ट्रॉन घेऊन बसलेल्या व्हॅनेडियमला धुरातलाच उरलेला ऑक्सिजन पुन्हा पूर्ववत करतो. डेन्मार्कच्या नान-यू टॉप्सो यांनी १९९४ मध्ये हे चक्र मांडले. त्याच्या तपशिलांवर अजून वाद आहेत, पण एक गोष्ट पक्की झाली: आम्ल आणि ऑक्सिडीकरण या दोन्ही जागा शेजारी-शेजारी हव्यात. म्हणूनच सोडियम, पोटॅशियमसारखे अल्कधर्मी धातू या उत्प्रेरकाचे विष ठरतात. ते नेमकी आम्लाची जागा अडवतात. आर्सेनिकही त्याला असेच निकामी करते.

म्हणजे प्रयोगशाळेतला शुद्ध वायू कुणीही साफ करील. उत्प्रेरकाचे आयुष्य ठरते ते धुराबरोबर आणखी काय येते यावर, आणि भारतातला सगळा तंटा इथेच आहे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी नवे निकष काढले. २००३ ते २०१६ या काळात उभ्या राहिलेल्या संचांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा होती दर घनमीटरला ३०० मिलिग्रॅम. २०१७ पासूनच्या संचांना १००. वीज कंपन्यांचे म्हणणे असे की आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, तीही सिलिकाने भरलेली, घासून काढणारी. मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेल्या उत्प्रेरकाच्या विटा ती बुजवते आणि झिजवते. एनटीपीसीने काही केंद्रांवर प्रायोगिक संच लावून हाच निष्कर्ष पुढे ठेवला. अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये ३०० ची मर्यादा ४५० झाली. ती ज्वलनातच फेरफार करून, म्हणजे ज्वालेला हवा टप्प्याटप्प्याने देऊन, गाठता येते. अमोनिया नको, उत्प्रेरकही नको.

राखेची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ती देशी कोळशाची अडचण आहे. जयगडसारखी केंद्रे आयात कोळशावर बांधली गेली आणि अशा कोळशात राख त्या मानाने फारच कमी असते. जपान, जर्मनीत याच प्रकारच्या कोळशावर हे उत्प्रेरक कित्येक वर्षे चालत आले आहेत. मग विंध्याचलसारख्या देशी कोळशाच्या केंद्रांतल्या राखेसाठी दिलेली सवलत कोकणच्या किनाऱ्याला का लागू व्हावी? संचाचे वय पाहून मर्यादा ठरवली, कोळसा पाहून नाही. माझ्या मते या अधिसूचनेतली ही मोठी चूक आहे.

ट्रककडे वळले की चित्र एकदम बदलते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. जड डिझेल इंजिनांची मर्यादा दर किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ वर आली. अमोनिया गाडीत नेता येत नाही, म्हणून ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरतात. गरम धुरात त्याचाच अमोनिया होतो. इथे उत्प्रेरक बहुधा झिओलाइटच्या सूक्ष्म पिंजऱ्यांत बसवलेल्या तांब्याचा असतो. काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना तापमान ६०० अंशांपुढे जाते आणि तिथे व्हॅनेडियम उडून जाऊ लागते. तांबे-झिओलाइट ते सोसते. गंधक मात्र त्याला सोसत नाही. म्हणून डिझेलमधले गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणावे लागले. आधी तेलशुद्धीकरण कारखाने बदलले, मग ट्रक बदलला. शासनाने ठरवले तर ते जमते, याचा हा पुरावा.

चालक या द्रावणाला सरळ युरियाच म्हणतात, आणि त्यातून एक नुकसान उद्भवते. शेतीच्या अनुदानित युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून स्वस्तात टाकीत ओतला की तेल, क्षार, अशुद्धी सगळे उत्प्रेरकावर बसते आणि फवाऱ्याचे तोंड बुजते. शेतकऱ्याचे खत जाते आणि गाडीही बसते. यावर धाडी पडल्या, पण महामार्गावरच्या पंपांवर सुटे द्रावण तपासून मिळण्याची सोय झाली तर त्याहून अधिक उपयोग होईल.

समुद्रावर तर वेगळेच जग आहे. संथ गतीच्या मोठ्या इंजिनांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची सर्वांत कडक मर्यादा दर किलोवॉट-तासाला ३.४ ग्रॅम आहे, पण ती उत्तर अमेरिका, बाल्टिक, उत्तर समुद्र अशा ठरावीक क्षेत्रांतच लागू होते. अरबी समुद्र त्यात नाही, इथे १४.४ चालते. जहाजाच्या इंधनात २०२० पासून ०.५ टक्के गंधक चालते, म्हणजे बीएस-६ डिझेलच्या ५०० पट. त्यात धूर थंड, त्यामुळे अमोनिया आणि गंधक मिळून चिकट बायसल्फेट उत्प्रेरकावर साचते. यावर तोड म्हणून काही जहाजांत उत्प्रेरक टर्बोचार्जरच्या आधी, गरम बाजूला बसवतात. मँगनीज-सेरियमचे उत्प्रेरक २०० अंशांखालीही उत्तम काम करतात, मात्र गंधक दिसले की मान टाकतात. शोधाची खरी निकड इथे आहे.

असे काम करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने १९८० च्या दशकात स्वतःचे झिओलाइट उत्प्रेरक घडवून पेट्रोरसायन उद्योगात वापरात आणले. इंजिने तपासणारी एआरएआय पुण्यातच आहे. गंधक सोसणारा उत्प्रेरक मागायला फार लांब जावे लागू नये.

किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रात ही उत्प्रेरकाची यंत्रणा बसवायची तर अमोनियाचा प्रश्न येणारच. रायगड जिल्ह्यात थळला १९८५ पासून अमोनिया आणि युरिया बनतो आहे. पण तिथून निर्जल अमोनियाचे टँकर गणपतीपुळ्याच्या अरुंद, यात्रेकरूंनी भरलेल्या रस्त्यावरून नेणे मला मान्य होणार नाही. युरिया आणून आवारातच त्याचा अमोनिया करणे थोडे महाग पडेल, पण तोच मार्ग योग्य. न वापरता निसटणारा अमोनिया दशलक्षात काही मोजक्या भागांपुढे जाऊ नये, आणि त्याचे सततचे आकडे चिमणीतल्या आकड्यांबरोबरच गावाला दिसावेत, ही अट परवान्यात पहिल्या दिवसापासून हवी.