एकाकी चेलो

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, परंतु आकाराने त्याहून पुष्कळ मोठे वाद्य होय. वादक बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो आणि गजाने वाजवतो. त्याचा स्वर पुरुषाच्या कंठस्वराला जवळचा असतो. म्हणूनच ते एकटे वाजू लागले की कोणी माणूसच बोलत आहे असा भास होतो. विसाव्या शतकातील संगीतरचनाकारांनी या गुणाचा कसा उपयोग केला, हे १९७४ च्या अखेरीस पॅरिसमध्ये मुद्रित झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेवरून समजते.

तीत दोन रचना आहेत : एक फ्रेंच रचनाकार आन्री द्यूतियो यांची, दुसरी पोलंडचे व्हीटॉल्ड लुटोस्लाव्स्की यांची. दोन्ही रशियन चेलोवादक म्स्तिस्लाव रस्त्रोपोविच यांच्यासाठी लिहिलेल्या असून १९७० मध्ये त्यांनीच त्या प्रथम वाजवल्या. द्यूतियो यांच्या पाच भागांच्या रचनेमागे बोदलेअरची कविता आहे. तेथे चेलो व वाद्यवृंद एकमेकांत मिसळून स्वप्नासारखे विश्व उभारतात. लुटोस्लाव्स्की यांच्या रचनेत मात्र त्यांच्यात उघड संघर्ष आहे. आरंभी चेलो एकच स्वर निर्विकारपणे पुनःपुन्हा वाजवतो. हे एकट्याचे स्वगत सुमारे चार मिनिटे चालते आणि मग ट्रंपेट ते तोडून टाकतात.

या रचनेच्या काही भागांत प्रत्येक वादकाचे स्वर लिहून दिलेले असतात, पण ते त्याने स्वतःच्या लयीत वाजवायचे असतात. संचालक केवळ आरंभाची व बदलाची खूण करतो. त्यामुळे स्वरांची वीण प्रत्येक प्रयोगात थोडी निराळी होते. ध्वनिमुद्रिकेत त्यांपैकी एकच वीण कायम राहते. येथे संचालन स्वतः लुटोस्लाव्स्की यांनी केल्यामुळे तिला विशेष अधिकार लाभला आहे. तथापि तेच या रचनेचे एकमेव रूप नव्हे.

अर्थाचेही तसेच आहे. लेखक सोल्झेनित्सिन यांना रस्त्रोपोविच यांनी आश्रय दिला आणि १९७० मध्ये त्यांच्या बाजूने खुले पत्र लिहिले. परिणामी सोव्हिएत शासनाने त्यांच्या कार्यक्रमांवर निर्बंध घातले. मे १९७४ मध्ये त्यांनी देश सोडला. हे मुद्रण त्यानंतर काही महिन्यांतच झाले. १९७८ मध्ये त्यांचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले. त्यांना या रचनेत सत्तेपुढे उभी असलेली व्यक्ती दिसे. रचनाकारांनी हा राजकीय अर्थ स्वीकारला नाही. त्यांच्या दृष्टीने तो संघर्ष संगीतातील नाट्याचा होता.

श्रोत्याने या दोहोंपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. रचनाकाराने स्वर दिले, वादकाने त्यांत आपले आयुष्य ओतले. संचालक आणि वादक म्हणून दोघेही येथे समोरासमोर आहेत, हेच या ध्वनिमुद्रिकेचे मोल होय.