लांब केसांच्या तरुण कुत्र्याची केसझड : स्वाभाविक कोणती, रोगाची कोणती?

शेतातील वस्ती, गोठा व खळे यांच्या राखणीसाठी पुष्कळ शेतकरी लांब आणि दाट केसांची कुत्री पाळतात. त्यांत अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, ही जात विशेष आढळते. पिल्लू चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत त्याचे अंग मऊ केसांनी भरलेले असते. पुढे मात्र पाठीवरून हात फिरवताच मूठभर केस हातात येतात आणि ओसरीवर केसांचे पुंजके उडू लागतात. कुत्र्याला लूत लागली, असा समज होऊन घरात काळजी सुरू होते. मग कोणी त्याच्या अंगाला जळके इंजिन ऑईल फासतो, कोणी पिकावर फवारावयाचे औषध पाण्यात कालवून त्याने कुत्र्याला धुतो, तर कोणी मुलांना रोग होईल या भीतीने त्याला दूर नेऊन सोडतो. वास्तविक अशा अनेक कुत्र्यांना कोणताही रोग नसतो. उलटपक्षी काहींना खरोखर रोग असतो, परंतु केस झडावयाचेच, असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. या दोन्ही चुका टाळण्यासाठी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी : केस किती गळाले यावरून निर्णय न करता केसांखालची कातडी कशी आहे, हे पाहावे.

केस का झडतात?

अशा कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब व राठ असून ते ऊन, पाऊस व काटेकुटे यांपासून रक्षण करतात. आतील थर लोकरीसारखा मऊ व दाट असतो. प्रत्येक केस काही काळ वाढतो, नंतर वाढ थांबून तो मुळाशी विसावतो आणि खालून नवा केस येऊ लागला म्हणजे गळून पडतो. तरुण कुत्र्यात याला आणखी एक कारण असते. सुमारे चार ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाचे बाळकेस गळू लागतात व त्यांच्या जागी प्रौढ केस येतात. हा बदल बहुधा वर्षाच्या आतबाहेर पूर्ण होतो. या काळात पाठीवर नवे राठ केस व कुशीवर जुने मऊ केस असे विजोड रूप दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही.

पुढील आयुष्यात केसझडीवर मुख्यतः दिवसाच्या लांबीचा व काही अंशी तापमानाचा परिणाम होतो. या जातीचे मूळ जर्मनीत आहे. तेथे हिवाळ्यातील दिवस सुमारे ८ तासांचा, तर उन्हाळ्यातील सुमारे १६ तासांचा असतो. महाराष्ट्रात हाच फरक सुमारे ११ ते सव्वातेरा तास इतका अल्प आहे. त्यामुळे आपल्याकडे झडीचे हंगाम तितके ठळक नसतात. उन्हाळ्याच्या तोंडावर झड वाढली तरी थोडेफार केस बारा महिने गळतच राहतात. रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात वावरणाऱ्या कुत्र्यात असे विशेष दिसते. कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर किंवा व्याल्यानंतर काही आठवड्यांनीही तिचे केस पुष्कळ झडतात व कालांतराने पुन्हा येतात.

कातडीची परीक्षा

कुत्र्याला उजेडात उभे करून केस उलट्या दिशेने सारावेत व कातडी पाहावी. पाठ, शेपटीचे बूड, कानांच्या कडा, डोळ्यांभोवतीची जागा, कोपरे, काखा व बोटांमधील भाग हे एकामागून एक तपासावेत. कातडी स्वच्छ असेल, झड सर्वांगावर सारखी असेल, कोठेही उघडी जागा पडली नसेल, खाज नसेल आणि कुत्रे नेहमीप्रमाणे खात व खेळत असेल, तर ती झड स्वाभाविक समजावी. त्यास औषधाची गरज नाही.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र रोगाचा संशय घ्यावा :

१. डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडेला किंवा पुढच्या पायांवर गोल उघड्या जागा पडणे व प्रारंभी खाज फारशी नसणे. ही लुतीची एक जात असून ती कोवळ्या वयाच्या कुत्र्यांत अधिक आढळते. ती माणसास होत नाही.

२. कानांच्या कडा, कोपरे व मागच्या पायांचे सांधे यांवर खपल्या धरून रात्रंदिवस असह्य खाज सुटणे. ही खरूज होय. ती एका कुत्र्यापासून दुसऱ्यास लागते आणि कुत्र्याला हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावरही खाजरे पुरळ उठते.

३. वाटोळे चट्टे पडून केस मुळाशी तुटणे. हे गजकर्ण असण्याचा संभव आहे. ते बुरशीमुळे होते व लहान मुलांना सहज लागते. उपचार होईपर्यंत मुलांना कुत्र्यापासून दूर ठेवावे.

४. शेपटीच्या बुडाशी सतत चावणे व तेथील केस विरळ होणे. हे बहुधा पिसवांमुळे होते. केसांतील काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा होय, कारण तीत कुत्र्याचेच रक्त असते.

कान व बोटांमधील गोचीडही पाहावेत. गोचिडांमुळे कुत्र्यास प्राणघातक ताप येऊ शकतो. झडीबरोबर ताप, अन्नावरील वासना जाणे किंवा हिरड्या फिक्या पडणे अशी चिन्हे असल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आहाराचा संबंध

केस हे जवळजवळ संपूर्ण प्रथिनांचेच बनलेले असतात. वाढत्या कुत्र्याला केवळ भाकरी आणि ताक मिळत असेल, तर केस निस्तेज होऊन तुटतात. केवळ धान्यावर वाढलेल्या पिल्लांच्या शरीरात जस्त कमी पडून डोळ्यांभोवती व तोंडाभोवती खपल्या धरण्याचाही संभव असतो. यास्तव भाकरीबरोबर उकडलेले अंडे, मासळी किंवा शिजविलेले मांस द्यावे. अंडे कच्चे देऊ नये. कच्च्या पांढऱ्या बलकातील एक द्रव्य केसांस आवश्यक असे जीवनसत्त्व शरीरास मिळू देत नाही. मेंढ्या-बकऱ्यांची काळीज-फुप्फुसे कच्ची घातल्यास कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात व त्यांच्या अंड्यांपासून माणसासही रोग होतो. अन्नावर चमचाभर करडईचे तेल घातल्यास कातडीस आवश्यक असे स्निग्धाम्ल मिळते. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तास अपायकारक असल्याने कालवणाचा उरलेला रस्सा घालू नये. जंतांचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्यावे.

फणी, स्नान व कातरणी

स्वाभाविक झडीवर फणी हाच उपाय होय. झडीच्या दिवसांत रोज व एरवी आठवड्यातून दोन-तीन वेळा, विरळ दातांच्या फणीने केसांच्या दिशेने विंचरावे. कानांमागील व मांड्यांवरील जटा बोटांनी हलकेच सोडवाव्यात. जटांखाली ओल साठून कातडी चिघळते. पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे. विंचरण्याचे काम स्नानापूर्वी करावे, कारण भिजल्यावर जटा अधिक घट्ट होतात. महिन्यातून एखादे स्नान सामान्यतः पुरे. माणसाचा किंवा कपड्यांचा साबण वापरल्यास कातडी कोरडी पडून कोंडा होतो. म्हणून कुत्र्यांसाठी मिळणारा सौम्य साबण घ्यावा व अंग पूर्ण वाळवावे.

उन्हाळ्यात कुत्र्याला गार वाटावे म्हणून काही जण सर्व केस भादरून टाकतात. हे करू नये. कुत्रे अंगातील उष्णता प्रामुख्याने धापा टाकून बाहेर घालविते. विंचरलेले दोन थरांचे केस उन्हापासून त्याचे रक्षण करतात, तर भादरलेले केस काही वेळा पूर्ववत येत नाहीत. सावली, वारा व भरपूर पाणी यांची सोय करणे अधिक हिताचे होय.

घातक उपाय

जळक्या तेलात धातूंचे अंश व इतर विषारी द्रव्ये असतात. कुत्रे अंग चाटते व ते विष पोटात जाते. शेतीची कीटकनाशके तर कातडीवाटेही शरीरात भिनतात. एके काळी बी. एच. सी. पूड जनावरांच्या अंगाला सर्रास चोळली जात असे. त्या द्रव्यावर भारतात १९९७ साली बंदी आली. आजची फवारणीची औषधेही कुत्र्यासाठी नाहीत. गुरांच्या लुतीवरील इंजेक्शनही अंदाजाने देऊ नये. काही जातींच्या कुत्र्यांत ते मेंदूस बाधते. चुकून असे औषध लावले गेल्यास हातांत मोजे घालून कुत्र्याला सौम्य साबण व भरपूर पाण्याने धुवावे, अंग चाटू देऊ नये आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन त्वरित दवाखान्यात जावे. लाळ गळणे, थरथरणे व झटके येणे ही विषबाधेची लक्षणे आहेत.

ग्रामसेवकांचे कार्य

एखाद्या वस्तीवर कुत्र्याचे केस झडत असल्याचे कळल्यास ग्रामसेवकाने प्रथम मालकासमवेत कातडी पाहावी आणि घरातील कोणास खाज आहे काय, याची चौकशी करावी. कातडी स्वच्छ असल्यास फणी व आहार यांविषयी सांगून मालकाची भीती दूर करावी. उघड्या जागा, खपल्या वा खाज आढळल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवावे किंवा १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करण्यास सांगावे. लूत कोणत्या जातीची आहे, हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निश्चित कळते आणि योग्य उपचाराने ती बरी होते. त्याच भेटीत कुत्र्याला पिसाळ रोगाची प्रतिबंधक लस दिली आहे की नाही, हेही पाहावे.

केस झडतात म्हणून सोडून दिलेले कुत्रे गावाच्या वेशीवर उपाशी भटकते, आणि खरोखरच खरूज असल्यास ती इतर कुत्र्यांतही पसरविते. पाच मिनिटे देऊन त्याची कातडी पाहिली, तर राखणीचे एक इमानी जनावर वाचते व घरच्या मुलांचे आरोग्यही सांभाळले जाते.